अर्ली राउंडमध्ये ‘डिफर्ड’ आलं, आता पुढे काय?

न्यू जर्सीतल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावीत आहे. एका फार मोठ्या नावाच्या विद्यापीठात तिने १ नोव्हेंबरला सिंगल चॉइस अर्ली ॲक्शनचा, म्हणजे लवकरच्या फेरीतला पण बंधनकारक नसलेला, अर्ज केला होता. परवा संध्याकाळी निकाल आला: डिफर्ड, म्हणजे निर्णय पुढे ढकलला. त्याच विद्यापीठात मैत्रिणीच्या मुलाला प्रवेश मिळाला. मुलगी दोन दिवस धड जेवलेली नाही आणि बाकीच्या कॉलेजांचे अर्ज अर्धवट पडले आहेत. दिरांच्या ओळखीचे एक प्राध्यापक त्या विद्यापीठात शिकवतात, त्यांच्याकडून पत्र घ्यावं का? आता दुसरीकडे कुठे ‘अर्ली डिसिजन टू’, म्हणजे जानेवारीतली बंधनकारक फेरी, भरावं का? आणि मुळात तिचं चुकलं काय?

मी अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये बरीच वर्षं काउन्सेलर आहे. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात हेच प्रश्न माझ्याकडे येतात, कधी मुलांकडून, बहुतेक वेळा पालकांकडून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका विद्यापीठाभोवती फिरताहेत. ते अगदी साहजिक आहे. पण तुमच्यापुढची खरी अडचण मला वेगळी दिसते. बहुतेक खासगी विद्यापीठांच्या रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीतल्या, अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. म्हणजे हातात जेमतेम पंधरवडा आहे, आणि घरातल्या सगळ्यांचं चित्त अशा एका अर्जात अडकलंय, ज्यासाठी या पंधरवड्यात करण्यासारखं जवळपास काहीच नाही. जिथे खरंच काही करता येईल ते अर्ज मात्र तसेच पडून आहेत. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यावरच आधारलेलं आहे.

विद्यापीठाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तराचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. डिफर्ड म्हणजे अर्ज फेटाळला नाही, रेग्युलर अर्जांबरोबर तो पुन्हा वाचला जाईल आणि मार्चअखेरीला निर्णय कळेल, एवढं सगळीकडे सारखं. पण किती जणांना डिफर करायचं याची रीत प्रत्येक ठिकाणची निराळी आहे. हार्वर्डने डिसेंबर २०२२ मध्ये ९,५५३ अर्ली अर्जांपैकी ७२२ जणांना घेतलं आणि सुमारे ७८ टक्के मुलांना डिफर केलं. सरळ नकार दहा टक्क्यांनाही नव्हता. येलने डिसेंबर २०२४ मध्ये ६,७५४ पैकी ७२८ जणांना घेतलं, सुमारे १७ टक्के मुलांना डिफर केलं आणि सुमारे ७१ टक्क्यांना तिथल्या तिथे नकार कळवला. जॉर्जटाउनची परंपरा अशी की अर्लीमध्ये ज्यांना घेतलं नाही, त्या सगळ्यांचा अर्ज पुढच्या फेरीत जातो. स्टॅनफर्डचं याच्या उलट आहे. ते बहुतेकांना डिसेंबरमध्येच अंतिम उत्तर देतात आणि फार थोड्यांना मागे ठेवतात.

त्यामुळे ‘डिफर्ड’ हा शब्द तोच असला तरी त्याचं वजन सारखं नाही. ज्या ठिकाणी बहुतेकांना नकार मिळतो तिथे डिफर होणं म्हणजे समितीला तो अर्ज हातातून सोडवला नाही. जिथे चारातल्या तिघांना डिफर करतात तिथे त्यावरून फारसं काहीच कळत नाही. आणि पहिल्या प्रकारातही आशा बेतानेच ठेवावी. हार्वर्डच्याच त्या वर्षीचा हिशेब बघा. एकूण ५६,९३७ अर्जांतून त्यांनी १,९४२ जणांना प्रवेश देऊ केला. त्यातले ७२२ डिसेंबरमध्येच झाले होते. उरलेल्या १,२२० साठी सत्तेचाळीस हजारांवर नवे अर्ज आणि त्यावर डिफर झालेली सात हजारांहून जास्त मुलं. म्हणून मी मुलांना सांगते, आशा ठेवायला हरकत नाही, पण पुढचे बेत आखताना ते विद्यापीठ नाहीच असं धरून चालायचं.

आता ‘तिचं चुकलं काय’ याबद्दल. तुम्ही लिहिलंय की अर्लीमध्ये प्रवेशाचं प्रमाण दुप्पट-तिप्पट असतं असं ऐकून तिथे अर्ज केला. आकडे खरे आहेत, पण ते तुमच्या मुलीला लागू होत नाहीत. अर्ली अर्जांच्या गठ्ठ्यात विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी आधीच निवडलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, देणगीदारांशी नातं असलेली घरं असतात. प्रवेशात भेदभाव होतो या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध झालेला खटला २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात चालला, तेव्हा विद्यापीठाची आतली आकडेवारी पहिल्यांदा एवढ्या तपशिलात बाहेर आली. तिच्यावरून अर्थतज्ज्ञांनी मांडलेल्या विश्लेषणात अशा निवडलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास निघालं आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचं ३३ टक्क्यांच्या वर. ही मुलं बाजूला काढली तर बाकीच्यांना अर्लीचा फायदा कागदावर दिसतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. एमआयटीसारखी काही ठिकाणं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाहीत, तिथे हा भाग वेगळा. पण एकूण चित्र असं आहे.

याशिवाय समितीला एकेक मूल निवडायचं नसतं, तिला एक वर्ग जुळवायचा असतो. त्या वर्षी जीवशास्त्राकडे वळलेली मुलं किती आली, तुमच्या शाळेतून किती जणांनी अर्ज केला, ऑर्केस्ट्राला कुठल्या वाद्याची गरज आहे, असल्या गोष्टी त्यात येतात आणि त्या बाहेरच्या कुणालाही दिसत नाहीत. काही विद्यापीठांचे अधिकारी जानेवारीत आम्हा काउन्सेलरांशी बोलतात. डिफर झालेल्या मुलांबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर असं: अर्ज चांगला होता, बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण पाहायचे आहेत आणि पूर्ण गठ्ठा समोर आल्यावर तुलना करायची आहे. यात तुमच्या मुलीची ‘चूक’ शोधायला जागाच नाही. क्वचित खरंच काही सापडतं, एखादा विषय मध्येच सोडलेला असतो किंवा एसे, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, घाईत लिहिलेला असतो. ते तिच्या शाळेतल्या काउन्सेलरला विचारा, त्यांच्यापुढे तिचं सगळं दप्तर आहे. घरी जेवणाच्या टेबलावर त्याची चिरफाड करू नका.

आणि मैत्रिणीचा मुलगा. त्याच्या अर्जात काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. दोघं एकाच मराठी मंडळातली, एकाच रविवारच्या शाळेतली, गुणही साधारण सारखे, म्हणून दोघांची तुलना सोपी वाटते. पण प्रवेश समितीने त्या दोघांना समोरासमोर ठेवलं असेलच असं नाही. त्याचं अभिनंदन मनापासून करा, मुलीलाही करू द्या, फक्त तिला जमेल तेव्हा. पार्टीला आत्ताच जायची सक्ती नको.

मुलगी जेवत नाही म्हणता, तर दोन-तीन दिवस तिला दुःख करू द्या. सतरा वर्षांच्या मुलीने चार वर्षं एक नाव मनात धरलं आणि पहिल्यांदाच दार उघडलं नाही. रडू येणारच. या दिवसांत पालकांकडून नकळत जी वाक्यं जातात ती मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलेली आहेत की इथे लिहूनच ठेवते. ‘मी म्हटलं होतं ना, तो एसे बदल.’ ‘जाऊ दे, ते कॉलेज एवढं काही खास नाहीये.’ ‘आपण अपील करू.’ पहिल्या वाक्यात दोष तिच्यावर जातो. दुसऱ्यात तिचं स्वप्नच खोटं ठरतं, आणि कालपर्यंत तुम्हीच त्याचं कौतुक करत होता हे तिला आठवत असतं. तिसऱ्याने खोटी आशा लागते, कारण डिफर झाल्यावर अपील नावाचा प्रकारच नसतो. त्यापेक्षा ‘वाईट वाटलं गं, आम्हालाही वाटलं’ एवढं पुरे. चौथ्या-पाचव्या दिवशीही ती खात नसेल, झोपत नसेल, शाळेत जायला तयार नसेल तर हा प्रवेशाचा विषय राहत नाही. तेव्हा शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगा.

नातेवाइकांचं म्हणाल तर पुण्याहून, नाशिकहून रोज फोन येत असणार. माझा सल्ला असा की कुणाला काय सांगायचं ते मुलीला ठरवू द्या आणि सांगायचं काम मात्र तुम्ही करा. भारतातल्या मंडळींना ‘डिफर्ड’ समजावून सांगणं अवघड जातं, कारण तिकडे यादीत नाव लागतं किंवा लागत नाही. ‘निकाल मार्चअखेरीला कळेल, तोवर विचारू नका’ हे एक वाक्य पुरतं, आणि ते खरंही आहे.

आता कामाचं. सुट्टी लागायच्या आत शाळेच्या काउन्सेलरला गाठा. हे मी सगळ्यात आधी करायला सांगते, कारण इथेच घरं फसतात. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या संकेतस्थळावर, विद्यार्थ्याचा अर्ज ३१ डिसेंबरच्या रात्रीही जातो, पण प्रत्येक नव्या कॉलेजला शाळेकडून गुणपत्रिका आणि शाळेचा अहवाल जायचा असतो. बऱ्याच शाळांत त्यासाठी नॅव्हियन्ससारख्या यंत्रणेत आधी विनंती टाकावी लागते आणि त्याची शेवटची तारीख हिवाळ्याच्या सुट्टीआधीची असते. सुट्टीत आम्ही शाळेत नसतो. यादीत आज एखादं नाव वाढवणार असाल तर आजच कळवा.

यादीकडे थंड डोक्याने बघा. डिफर झाल्यावर दोन प्रकार दिसतात. काही घरं घाबरून आणखी दहा मोठी नावं घालतात, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतबाहेरची आणखी दहा विद्यापीठं. तिथल्या प्रत्येकाला दोन-तीन वेगळे एसे लागतात. ते नाताळच्या आठवड्यात घाईघाईने लिहिले जातात आणि वाचणाऱ्याला ती घाई लगेच कळते. काही घरं उलट सगळंच सोडून देतात. मला विचाराल तर मोठ्या नावांची यादी आहे तेवढीच ठेवा आणि मधली फळी मजबूत करा. म्हणजे अशी कॉलेजं, जिथे तिच्या गुणांच्या मुलांना बऱ्यापैकी संधी असते आणि जिथे तिला खरंच राहायला, शिकायला आवडेल. काही दारं आता बंद झालेली आहेत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांची मुदत डिसेंबर लागतानाच संपते. पण पर्ड्यू, विस्कॉन्सिन यांच्या रेग्युलर फेऱ्या जानेवारीपर्यंत असतात, पिट्सबर्गसारखं विद्यापीठ येतील तसे अर्ज वाचत जातं. तुमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचा, रट्गर्सचा, अर्ज गेला आहे ना, हे तर आजच तपासा. प्रत्येक ठिकाणची नेमकी तारीख त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर बघा, मैत्रिणीच्या यादीवरून नको.

मुख्य एसे बदलावा का, असं प्रत्येक डिफर झालेलं मूल विचारतं. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं. ऑक्टोबरमध्ये शांतपणे लिहिलेला एसे डिसेंबरमध्ये दुखावलेल्या मनाने लिहिलेल्यापेक्षा चांगला असतो. जो वेळ आहे तो ‘आमचंच कॉलेज का’ या छोट्या एसेंवर घालवावा. तिथे खरा फरक पडतो, कारण पहिल्या पसंतीच्या विद्यापीठासाठी मुलीने महिनाभर वाचन केलेलं असतं आणि बाकीच्यांसाठी नाव बदलून तोच मजकूर डकवलेला असतो. तुमच्या मुलीला जीवशास्त्र करायचं आहे, तर त्या कॉलेजातला कुठला अभ्यासक्रम, कुठली प्रयोगशाळा, पदवीच्या मुलांना तिथे पहिल्या वर्षापासून काम मिळतं की नाही, हे तिने स्वतः शोधलेलं दिसलं पाहिजे. एका कॉलेजासाठी एक दुपार दिली तरी होतं.

आता अर्ली डिसिजन टू. यावर मी जरा थांबते, कारण या पंधरवड्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे आणि तो सगळ्यात वाईट मनःस्थितीत घेतला जातो. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ जुन्या विद्यापीठांत, ही सोय नाही. शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स, न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी, शिवाय स्वार्थमोर, पमोना, बोडिन, मिडलबरी यांसारखी लहान कॉलेजं ती देतात. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर. नोव्हेंबरमधला तुमचा अर्ज अर्ली ॲक्शनचा होता, म्हणजे प्रवेश मिळाला असता तरी १ मेपर्यंत विचार करायला मोकळीक होती. अर्ली डिसिजन टू तसं नाही. ते बंधनकारक आहे. करारावर मुलीची, पालकांची आणि काउन्सेलरची सही असते. फेब्रुवारीत होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, आणि त्यात डिफर झालेला अर्जही आला. हे कित्येक पालकांच्या लक्षातच आलेलं नसतं. ‘हेही भरू आणि तिकडचीही वाट पाहू’ असं ते म्हणतात. तिकडची वाट पाहायची असेल तर हे भरता येत नाही. हे भरलं आणि झालं, तर मार्चमध्ये तिकडे काय ठरलं असतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून मी सही करण्याआधी मुलीला एकटीला बसवून विचारते: त्या मोठ्या विद्यापीठाचं नाव तू कधी ऐकलंच नसतंस, तर हे कॉलेज तुझं पहिलं असतं का? ‘हो’ पटकन आलं आणि पाठोपाठ कारणं आली, तर भरावं. त्याचा खरा फायदा होतो, कारण नक्की येणारा विद्यार्थी कॉलेजला हवाच असतो. ‘निदान काहीतरी तरी मिळेल’ असं उत्तर आलं तर मी रेग्युलरमध्येच थांबायला सांगते. सतराव्या वर्षी, हिरमुसलेल्या आठवड्यात, चार वर्षांचं बंधन केवळ वाट बघण्याचा ताण संपावा म्हणून घेऊ नये. तुमची मुलगी यातली कुठली, हे मला इथून सांगता येत नाही.

पैशाचा विचार इथे निर्णायक ठरू शकतो. बऱ्याच मोठ्या खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. बंधनकारक फेरीत दोन कॉलेजांची मदत शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर सुटका होते, पण ती कागदोपत्री दाखवावी लागते. भरण्याआधी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता अंदाजे किती भरावे लागतील ते सांगणारं) भरून बघा आणि आलेला आकडा दोघांनी मिळून कागदावर लिहा. आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी आवर्जून सांगते. घरी अजून ग्रीन कार्ड नसेल आणि मुलगी एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना मिळतो तो) असेल, तर ती इथल्या शाळेत बालवाडीपासून शिकलेली असली तरी तिला फॅफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही आणि बरीच खासगी कॉलेजं मदतीच्या बाबतीत तिला परदेशी विद्यार्थी समजतात. मग मदत मागितली हे प्रवेशाच्या निर्णयातही धरलं जाऊ शकतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडिन यांसारख्या मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांचाही निर्णय पैशाकडे न बघता होतो. सही करण्याआधी त्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर ईमेलने घ्या.

डिफर झालेल्या अर्जासाठी जे करायचं ते जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाकीचे अर्ज गेल्यावर. आधी विद्यापीठाचं डिफरचं पत्र नीट वाचा. पत्र चालेल की नाही, पोर्टलमध्ये टाकायचं की ईमेलने, हे त्यातच किंवा पोर्टलवर लिहिलेलं असतं. एमआयटी डिफर झालेल्यांना फेब्रुवारीत भरायचा ठरलेला फॉर्मच देते. जिथे ‘आणखी काही पाठवू नका’ असं म्हटलंय तिथे काहीही पाठवू नये.

जिथे चालतं तिथे मुलीने स्वतः एक पत्र लिहावं, फार तर एक पान. नोव्हेंबरनंतर नवीन काय घडलं ते त्यात असावं. आणि हे विद्यापीठ अजूनही तिची पहिली पसंती असेल, तर ते स्पष्ट लिहावं, पण फक्त एकाच विद्यापीठाला. ‘मी अजूनही आपल्या प्रतिष्ठित संस्थेत शिकण्यास अत्यंत उत्सुक आहे’ यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. तुम्ही लिहिलंय की ती रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. समजा या दोन महिन्यांत तिने घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांसाठी वाचनाचे सोपे तक्ते केले आणि दुसऱ्या एका शाळेने ते वापरायला घेतले, तर ते दोन ओळींत लिहावं. जीवशास्त्राच्या प्रयोगाचं काही नवीन निष्पन्न झालं असेल तर ते लिहावं. सांगण्यासारखं फार नसेल तर पत्र छोटं असू द्या. पत्रासाठी म्हणून जानेवारीत नवीन संस्था काढायला लावू नका. असं दर वर्षी दिसतं, आणि वाचणाऱ्यांनाही ते ओळखू येतं.

दिरांच्या ओळखीच्या प्राध्यापकांचं पत्र नको. त्यांनी तुमच्या मुलीला शिकवलेलं नाही, तिच्याबरोबर काम केलेलं नाही. त्यांच्या पत्रातून एवढंच कळेल की या घरच्यांची ओळख आहे, आणि पदवीच्या प्रवेशात प्राध्यापकांच्या शब्दाला भारतात काहींना वाटतं तेवढं वजन इथे नसतं. जास्तीचं शिफारसपत्र द्यायचंच असेल आणि विद्यापीठाला चालत असेल, तर या वर्षी तिला शिकवणाऱ्या शिक्षकांचं द्या, जे तिचं आत्ताचं काम सांगू शकतील. पालकांनी प्रवेश कार्यालयाला फोन करू नये, ईमेलही करू नये.

या पत्रापेक्षाही वजनदार गोष्ट एकच आहे, पहिल्या सत्राचे गुण. ते आम्ही मिड-इयर रिपोर्टमध्ये जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत पाठवतो. डिफर झालेल्या मुलांची मनं अभ्यासावरून उडतात आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांचे गुण पुन्हा वाचले जाणार असतात. म्हणून या महिन्यात तिला आणखी एक स्पर्धा, आणखी एक उपक्रम सुचवण्यापेक्षा तिच्या परीक्षेची तयारी नीट होऊ द्या.

ज्या घरांत थेट नकार आला असेल त्यांच्यासाठी एवढंच: त्या वर्षापुरता तो अंतिम असतो, त्याच विद्यापीठात रेग्युलरमध्ये पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि काही मुलांना त्याने लवकर मोकळं वाटतं. होकार आलेल्यांनी, तो अर्ली डिसिजनचा असेल तर बाकीचे अर्ज दोन-चार दिवसांत मागे घ्यावेत. ती जागा तुमच्याच शाळेतल्या दुसऱ्या कुणाला हवी असते. गुण घसरू देऊ नयेत आणि सोशल मीडियावर जपून राहावं. हार्वर्डने २०१७ मध्ये एका खासगी ग्रुपमधल्या आक्षेपार्ह मजकुरावरून किमान दहा मुलांचे दिलेले प्रवेश परत घेतले होते.

मुंबई-पुण्याहून अर्ज केलेल्या मुलांना हेच सगळं लागू पडतं, फक्त मिड-इयर रिपोर्टमध्ये तिकडे पूर्वपरीक्षेचे गुण जातात आणि त्या परीक्षा डिसेंबर-जानेवारीतच येतात. ज्युनिअर कॉलेजांना या अहवालाची सवय नसते, म्हणून फॉर्म आणि तारीख मुलानेच प्राचार्यांच्या कार्यालयात वेळेवर नेऊन द्यावी.

ताई, विद्यापीठाचं नाव, बाकीची यादी आणि मुलीचा व्हिसा कुठला, एवढं कळवलंत तर अर्ली डिसिजन टूबद्दल मला आणखी नेमकं सांगता येईल. पण त्याची वाट न पाहता उद्या सकाळी शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करा, आणि तो मुलीलाच लिहू द्या.